नांदूरघाटची सोयरीक

माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली ती दिल्लीत झालेल्या एका कायद्यामुळं. असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. पुढचं ऐकल्यावर त्यांची तोंडं कशी होतात तेही मी बघितलेलं आहे.

२००६ सालचा उन्हाळा होता. माझे वडील, विश्वेश्वरअण्णा, धारूरला एका सहकारी बँकेच्या शाखेचे मॅनेजर होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खिशाला दोन पेनं, आणि स्वभाव असा की शिपाई मुंजाजीला चहा सांगतानाही "जमलं तर बघ" म्हणायचे. अशा माणसाला सरकारनं काम काय लावून द्यावं, तर संशय घ्यायचं. काळा पैसा धुऊन पांढरा करणाऱ्यांविरुद्ध कायदा झाला होता. कुठल्या खात्यातला व्यवहार डोळ्याला खुपला, तर बँकेनं त्याचा अहवाल दिल्लीला पाठवायचा. वर एक अट होती. ज्याच्यावर संशय आहे त्याला त्याची कुणकुणही लागता कामा नये. बँकेतल्याच कुणी ते फोडलं तर तोच गुन्हेगार.

अण्णांच्या डोळ्याला खुपलं ते शहादेवचं खातं. शहादेव नांदूरघाटचा हमाल. नांदूरघाट धारूरला काही जवळ नाही, केज ओलांडून जावं लागतं. पोती उचलणारा माणूस एवढी वाट तुडवून धारूरला खातं कशाला उघडेल? नावावर काडीची जमीन नाही, आणि खात्यात कापूस विकल्याचे म्हणून नऊ-नऊ लाख रोख जमा होत होते. दहा लाखांच्या वरच्या रोखीची आपोआप नोंद जाते, म्हणून बरोबर नऊ. आठवड्याच्या आत कुणीतरी शहादेवला जीपमधून आणायचं, त्याचा अंगठा उठवायचं आणि पैसे घेऊन जायचं. असे आणखी चार हमाल होते. पाचही जणांना बँकेत ओळख देणारा माणूस एकच, नांदूरघाटचा नागप्पाशेठ.

बीडच्या मुख्य कार्यालयानं अण्णांना सांगितलं, हवेत गोळीबार करू नका. हा नागप्पा कोण, धंदा काय, पैसा कुठला, हे गुपचूप काढा आणि मग लिहा.

गुपचूप! या साहेब लोकांनी कधी खेड्यात पाय ठेवला होता का, असं मला आजही विचारावंसं वाटतं. नांदूरघाटला परका माणूस एसटीतून उतरला की चार जणं विचारतात, कोण गाव, कुणाकडं आलात, जेवलात का. एखाद्याची जमीन किती, विहिरीला पाणी किती, कर्ज किती, पितो का, पोलिसात नाव आहे का, हे सगळं भर चौकात विचारायचा आमच्याकडं एकच राजमार्ग आहे. पोरीसाठी स्थळ बघतोय म्हणायचं. मग लोक बसायला घोंगडी टाकतात, चहा मागवतात आणि खरं सांगतात. कुणाच्या पोरीला विहिरीत ढकलायचं पाप कोणी आपल्या अंगावर घेत नाही. आणि भावकी तर तोंड उघडायला निमित्तच शोधत असते.

अण्णांनी तेच केलं. नागप्पाही आमच्यासारखाच वीरशैव, त्याला लग्नाचा पोरगा, तेव्हा शंका कुणाला येणार? निम्मं तरी खरं बोलावं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव, गाव आणि गोत्र खरं सांगितलं. पोरगीही खरी सांगितली. मी, रुद्राणी, बी.कॉम. झालेली, वय बावीस.

मग नागप्पाच्या चुलतभावानं, आप्पारावनं, त्यांना ओट्यावर बसवून सगळा पाढा वाचला. रेशनचं निळं रॉकेल टँकरनं नागप्पाच्या गोदामात येतं आणि तिथून डिझेलमध्ये मिसळून पंपावर जातं. पुरवठा खात्याच्या एका कारकुनानं हटकलं, तर नागप्पाच्या पोरानं, मृत्युंजयनं, त्याचा पंजा जीपच्या दारात धरून दार लावलं. एकदा लावून भागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. "पोरगी देऊ नका सायेब," आप्पाराव म्हणाला, "जित्तेपणी मराल." अण्णा समाधानानं परत आले. घरी एक शब्द बोलले नाहीत, कारण बोलायची बंदी होती. मला हे सगळं कळलं ते फार उशिरा.

अण्णांचा हिशोब असा होता की मुलीकडचा मध्यस्थ गेल्याशिवाय मुलाकडचे काही उंबरा चढत नाहीत. रीत तशीच आहे, पण ती ज्यांच्या पोराला मुली सांगून येतात त्यांच्यासाठी. मृत्युंजयला सगळ्या तालुक्यात कुणी मुलगी देत नव्हतं. त्याच्यासाठी कुणीतरी आपणहून चौकशी करून गेलं, ही बातमी नागप्पाच्या घरी दिवाळीसारखी पोचली.

रविवारी दुपारी आमच्या दारात जीप थांबली. मी खिडकीतच होते. आधी एक बाई उतरली, मग पांढऱ्या कपड्यांतला एक जाड माणूस, मग त्यांचा पोरगा. ड्रायव्हरनं मागून पेढ्यांचा खोका काढला. खोक्याची एक बाजू दबली होती. पोरानं खोका बघितला, बापाच्या हातात दिला, आणि ड्रायव्हरचा कान धरून त्याचं डोकं जीपच्या बॉनेटवर आपटलं. मग पुन्हा आपटलं, सावकाश, नारळ फोडतात तसं. ड्रायव्हर एवढंच म्हणत होता, "चुकलं मालक, चुकलं." कानातून रक्ताची रेघ गळ्यावर उतरली. पोरानं ड्रायव्हरच्याच सदऱ्याला हात पुसला, दारात चपला नीट जोडीनं काढून ठेवल्या आणि हसत आत आला. हा मृत्युंजय. ड्रायव्हरचं नाव नवनाथ, हे मला नंतर कळलं.

"शरणार्थ, पाव्हणं," नागप्पा खुर्चीत बसत म्हणाला. "आमच्या गावाला येऊन गेलता म्हणं. घरी न येताच गेलात. हे काय बरं न्हाई केलं तुमी."

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. आईनं, गंगासागरनं, एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला. पाहुणे दारात आल्यावर भांडण मागं ठेवायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तुमी आमची चौकशी केली, आमी तुमची केली," नागप्पा म्हणाला. "आमाला हुंडा नको, मानपान नको. नारळ अन् पोरगी द्या, लई झालं."

त्याची बहीण मंजुळाबाई सोबत आली होती. मी चहा घेऊन गेले तशी तिनं माझा हात धरून मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत साडी घातली. एवढं भराभर झालं की मला उठताही आलं नाही. मी अण्णांकडं बघत होते, बोला म्हणून. अण्णा कपबशीकडं बघत होते. मला त्यांचा इतका राग आला की ती कपबशीच फोडावीशी वाटली.

"विचार करून कळवतो," अण्णा शेवटी म्हणाले.

नागप्पा खदखदून हसला. "इचार करूनच आलता ना नांदूरघाटला? का हवापालटाला आलता?"

जीप गेली आणि आमच्या घरात तोंडं सुटली. आई म्हणाली, मला न विचारता तुम्ही स्थळं बघत फिरता? मी म्हणाले, दारात माणसाचं डोकं फोडणाऱ्याच्या घरी मला पाठवताय? अण्णांनी दोघींचं ऐकून घेतलं. "ही सोयरीक होणार नाही," ते म्हणाले. "कारण विचारू नका."

"व्हायची नव्हती तर गेलात कावून?" आई म्हणाली.

त्याच रात्री अण्णांनी नागप्पाला फोन करून नकार कळवला. आमच्याकडं अब्रूनं नकार द्यायची एक सोपी रीत आहे, गोत्र एकच निघालं म्हणायचं. कुणाला कमीपणा नाही, विषय तिथंच मिटतो. अण्णांनी तेच सांगितलं, आणि पलीकडून नागप्पाचा आवाज मला दारात उभ्या उभ्या ऐकू आला.

"गोत्र? गोत्र तर तुमी आमच्या गावात पहिलंच इचारलं, अन् तुमचंबी सांगितलं. मग आज एक कसं झालं? खरं बोला. कुणी कान भरले तुमचे?"

"कुणी नाही," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

कुणी नाही, हे नागप्पासारख्या माणसाला सांगायचं म्हणजे कुणीतरी आहे असं सांगण्यासारखंच. तो शोधायला लागला. अण्णा नांदूरघाटला गेले त्या दिवशी गोदामाजवळच्या हॉटेलात शहादेवनं त्यांना ओळखलं होतं. अंगठा उठवायला बँकेत यायचा, तेव्हा हेच साहेब त्याला बसायला खुर्ची द्यायचे. "जय भीम सायेब," म्हणून त्यानं स्वतःच्या पैशानं त्यांना चहा पाजला होता. शेठबद्दल विचारल्यावर "मालक चांगले हायत" एवढंच बोलला होता. पण बोलताना दोघांना गोदामातल्या माणसांनी पाहिलं होतं.

मंगळवारी सकाळी शहादेवची बायको भामाबाई आमच्या दारात आली. तिचं लुगडं एका बाजूनं फाटलं होतं आणि ओठ सुजला होता.

"सायेब, काय सांगितलं हो माझ्या मालकानं तुमाला?" ती उंबऱ्याबाहेरच बसली. "परवापासून गोदामात टाकलंय त्यास्नी. पाय मोडलाय. टायर काढायच्या टॉमीनं मारतेत अन् इचारतेत, म्यानेजरला काय सांगितलं बोल. ते म्हणतेत, काय न्हाई सांगितलं. मग अजून मारतेत. म्या मधी गेले तर मला फेकून दिलं. ठाण्यावर गेलते. तिथं म्हणले, मालक-गड्याचं हाय, घरात मिटवा."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी आम्हा तिघींसमोर सगळं सांगितलं. कायदा, खाती, रॉकेल, आप्पाराव, सगळं. आई ऐकत होती आणि तिचा हात तोंडावरून निघत नव्हता.

"मग आत्ता फोन करा," मी म्हणाले. "शहादेवनं काही सांगितलं नाही म्हणावं."

"मग कुणी सांगितलं, असं विचारेल तो. आप्पारावचं नाव घेऊ? त्याला मारतील. मी गेलो कशाला होतो ते सांगू? अहवाल अजून बीडमध्येच पडलाय. आज फुटलं तर उद्या खाती रिकामी होतील, आणि फोडणारा मी. दोन दिवस जाऊ दे, रुद्रा. कायद्यानं माझं तोंड बांधलंय."

"तुमचं तोंड बांधलंय. पाय शहादेवचे मोडतायत," मी म्हणाले. "दोन दिवसांत दुसरा राहील का?"

अण्णा रडायला लागले. वडिलांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगते, मला दया आली नाही. एवढं डोकं चालवून लोकांना फसवलंत, आता रडताय काय, असंच मनात आलं. मी पायात चप्पल घातली आणि भामाबाईला म्हणाले, चला.

वाटेत एसटीत मी ठरवलं की नकार आपल्या अंगावर घ्यायचा. मुलीलाच मुलगा पसंत नाही म्हटल्यावर कुणी कान भरले हा प्रश्नच उरत नाही. शहादेव सुटेल, अहवालही फुटणार नाही. माझी जी काय बदनामी व्हायची ती होईल. अण्णांच्या कपाळावर जन्मभर विभूती होती म्हणून काय झालं, हुशारी करायची खोड मला त्यांच्याकडूनच आलेली.

गोदामात शिरताच रॉकेलच्या वासानं डोळे चुरचुरले. शहादेव रिकाम्या गोणपाटांवर आडवा होता. त्याची एक नडगी मधूनच वाकडी झाली होती आणि पाय भोपळ्यासारखा सुजला होता. तोंडावर माश्या बसत होत्या, त्या हाकलायलाही तो हात उचलत नव्हता. मृत्युंजय टॉमी घेऊन एका पिंपावर बसला होता. बाजेवर नागप्पा, आणि त्याच्या शेजारी आप्पाराव. हो, तोच आप्पाराव. "ह्योच बोलला असंल दादा, हमालाच्या जातीचा काय भरवसा," असं तो मी आत येतानाच म्हणत होता. माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर मी त्याच्या तोंडावर मारलं असतं.

"माझ्या वडलांना कुणी काही सांगितलं नाही," मी म्हणाले. "नकार माझा आहे."

नागप्पानं मला ओळखलं आणि बाजेवर सरळ बसला. "कावून गं माय? काय कमी हाय आमच्यात?"

"मला मुलगा आवडला नाही."

"कावून?" हे मृत्युंजयनं विचारलं.

या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी जे डोळ्यांनी बघितलं होतं ते सांगितलं. "आमच्या दारात तुम्ही ड्रायव्हरला मारलंत. मी खिडकीतून बघत होते."

मग नागप्पानं मोठा श्वास सोडला. "सोडा रे त्याला. हमालाचा दोष न्हाई." दोघा जणांनी शहादेवला उचलून भामाबाईच्या हवाली केलं. बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोत त्याला घालताना तो इतका ओरडला की मला बरं वाटलं. ओरडायची ताकद होती म्हणजे जीव होता.

"चहा सांगा पोरीला," नागप्पा म्हणाला. "तोंडावर बोलती. अशीच सून पायजे होती मला."

मृत्युंजय पिंपावरून उठला आणि टॉमी घेऊन बाहेर गेला. बाहेर नवनाथ जीप धूत होता. कानाला अजून कापूस होता. मी चहाचा कप हातात घेतला तेव्हा पहिला फटका ऐकू आला. दुसऱ्या फटक्याला नवनाथ किंचाळला.

"तुझ्यापायी बे!" मृत्युंजय ओरडत होता. "तुझ्यापायी माझं लगीन मोडलं! खोका धरता येत न्हाई, बे?"

मी दाराकडं धावले. नवनाथ बादलीच्या पाण्यात पडला होता. त्यानं डोक्यावर धरलेले हात टॉमीनं एकेक करून खाली आणले होते. डाव्या हाताची बोटं भलत्याच दिशेला वळली होती. मृत्युंजय आता त्याच्या गुडघ्याचा नेम धरत होता.

"थांबवा त्यांना," मी नागप्पाला म्हणाले.

"घ्या, चहा निवतोय," नागप्पा बशीत फुंकर घालत म्हणाला. "गडीमाणसाचं असंच असतं."

त्या दारात उभं राहून मला जे कळलं ते अण्णांना दोन दिवस आधी कळायला हवं होतं. या माणसांना कुठलंही कारण द्या, ते कुणाच्या तरी हाडांवरच वसूल करणार. गोत्र सांगितलं तर शहादेव, पसंती सांगितली तर नवनाथ. आणखी काही सांगितलं असतं तर आणखी कुणी. ज्याचा नवनाथशी, शहादेवशी, कुणाशीच संबंध नाही असं एकच कारण शिल्लक होतं, आणि ते खरं होतं.

"सोयरीक नव्हतीच!" मी ओरडले. "थांबवा म्हणते ना! माझे वडील लग्नाचं विचारायला आलेच नव्हते. तुमच्या खात्यांची चौकशी करायला आले होते, दिल्लीला कळवायला. पोरीचं नाव सांगून चौकशी केली त्यांनी."

बाहेर टॉमी थांबली. आपण मोठा धोंडा टाकला आहे, आता हा खाती, दिल्ली, पोलीस यांचं विचारील असं मला वाटलं. नागप्पानं त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यानं बशी बाजेवर ठेवली.

"म्हंजी पोरगी द्यायचीच न्हवती?" तो हळूच म्हणाला. "म्या भावकीत पेढे वाटले."

तेवढ्यात आप्पाराव हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. पण नागप्पानं ते ऐकलं, आणि त्याचं तोंड काळंनिळं झालं.

"मृत्युंजय," तो म्हणाला, "गाडी काढ. धारूरला जायचंय."

नवनाथ उठू शकत नव्हता, म्हणून मृत्युंजयनं स्वतःच जीप चालवली.

मी एसटी स्टँडवरच्या कॉइन बॉक्सवर धावले. शाखेत फोन अण्णांनीच उचलला.

"अण्णा, मी सगळं सांगून टाकलं. ते तुमच्याकडं निघालेत. शटर ओढा आणि कुठंही जा."

"शहादेव?"

"सुटला."

"जिवंत आहे?"

"आहे. अण्णा, ऐकताय ना? निघा तिथून!"

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. "फार बरं केलंस. आज बाजार आहे गं, शाखा माणसांनी भरलीय. लोकांना असं टाकून कसं जाऊ?"

मी त्यांना फोनवर शिवी दिली. वडिलांना दिलेली ती माझी पहिली आणि शेवटची शिवी. नाण्याचा वेळ संपला आणि फोन बंद पडला. नंतर मुंजाजीनं सांगितलं की माझा फोन झाल्यावर अण्णांनी लगेच बीडला फोन लावला आणि अहवाल आजच्या आज रवाना करा म्हणाले. "गोष्ट फुटली आहे," त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं, "आणि ती माझ्याकडूनच फुटली आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मग मुंजाजीला ठाण्यावर पाठवलं.

मला केजहून काळी-पिवळी मिळाली. धारूरला उतरले तेव्हा बँकेसमोर माणसांचं कडं होतं. जीप निघून गेली होती. मी माणसं ढकलत आत घुसले.

अण्णा पायऱ्यांच्या खाली उताणे पडले होते. चष्म्याची काच गालात रुतली होती. टॉमीचे घाव डोक्यावर, खांद्यावर, आणि उजव्या हातावर इतके होते की तो हात त्यांचा वाटत नव्हता. मी डोकं मांडीवर घेतलं तर माझे हात मनगटापर्यंत लाल झाले. ठाण्याचा एक हवालदार मुंजाजीबरोबर नुकताच आला होता आणि लोकांना मागं सारत होता. आंबेजोगाईला नेताना घाटातल्या वळणावर अण्णांनी एकदा डोळे उघडले. मी म्हणत होते, बोला ना, आता तरी बोला. ते बोलले नाहीत. दवाखाना यायच्या आधीच श्वास थांबला, आणि मी गाडीच्या पत्र्यावर डोकं आपटून घेतलं.

आमच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून मूठमाती दिली. नागप्पा आणि मृत्युंजयला पोलिसांनी धरलं. सोयरीक मोडल्याच्या रागातून खून, अशी नोंद झाली. दिल्लीच्या अहवालाचं काय झालं ते मला माहीत नाही. कळलं असतं तरी ते मला सांगायची कुणाला परवानगी नाही. मी चुकले असं म्हणणारी माणसं भेटतात. शहादेव आजही काठी टेकत चालतो आणि नवनाथच्या डाव्या हातात ताकद नाही, पण दोघंही आहेत. तेव्हा चुकले म्हणणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावते.

एक गोष्ट मात्र मला गिळता येत नव्हती. भर बाजार होता. शे-दोनशे माणसं होती. मारणारे दोघंच. पुढच्या बाजाराला मी बँकेसमोर भाजी घेऊन बसणाऱ्या साखराबाईकडं गेले. अण्णा तिच्याकडून दर आठवड्याला चुका आणि मेथी घ्यायचे. त्या दिवशी तिची टोपली पायऱ्यांच्या अगदी समोर होती.

"मावशी, एकानं तरी हात धरायचा होता," मी म्हणाले.

साखराबाईनं डोळ्याला पदर लावला. "पोरी, चोरबीर असता तर दगडं घातली असती बघ सगळ्यांनी. पर तो जाडा माणूस वरडत होता, ह्यानं सोयरीक ठरवून मोडली, माझ्या पोराला फसवलं. आमी म्हणलं, सोयऱ्याधायऱ्याचं भांडण हाय. उद्या तुमी एका पंगतीला बसताल. मधी पडून आमी कावून वाईट व्हायचं?"

"आणि अण्णा? ते काहीच बोलले नाहीत?"

"बोलले ना. एकदाच बोलले. 'हे बँकेचं काम आहे,' म्हणले. काय काम ते न्हाई सांगितलं. मग फटका त्यांच्या तोंडावरच बसला."

मी तिच्यासमोर मातीतच बसले आणि तिला सगळं सांगितलं. रॉकेल, हमालांचे अंगठे, दिल्लीचा हुकूम, नांदूरघाटची फेरी. मोठ्यानं सांगितलं, शेजारचे भाजीवालेही ऐकायला गोळा झाले. साखराबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"असं होय?" ती म्हणाली. "मग त्यांनी सांगितलं कावून न्हाई गं? आमी सगळे धावलो असतो की."